अस्सल आणि अधिकृत : महागड्या घड्याळाच्या दोन दारांविषयी

तलाठी कार्यालयातून उतारा आणला किंवा न्यायालयातून जुन्या निकालाची प्रत काढली, की तिच्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का असतो. या दोन शब्दांत काही विसंगती आहे असे आपल्या मनातही येत नाही. नक्कल आहे, म्हणजे मूळ कागद नव्हे. पण खरी आहे, कारण ती देण्याचा अधिकार ज्याला आहे त्याने दिली आहे. उलट वाड्याच्या माळ्यावर सापडलेले एखादे पेशवाईतले पत्र अस्सल असते, पण त्याच्या अस्सलपणाची हमी कुठलेही कार्यालय देत नाही. कागद, शाई, अक्षराचे वळण, मायना, तारीख पाहून ते कुणाला तरी वाचावे लागते, आणि वाचणारा चुकूही शकतो. अधिकृत असणे वेगळे आणि अस्सल असणे वेगळे, हे मराठी दप्तराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. महागड्या मनगटी घड्याळांच्या व्यापाराने मात्र हा भेद जवळजवळ पुसून टाकला आहे. तो पुसला गेल्यामुळे घड्याळ नवे घ्यावे की वापरलेले, या साध्या प्रश्नाचे उत्तरही आपण भलत्याच जागी शोधतो, असे मला म्हणायचे आहे.

वाङ्मयाच्या वाचकाला हा विषय थोडा परका वाटेल. पण या वस्तूभोवती जितका मजकूर जमला आहे तितका फार थोड्या वस्तूंभोवती असेल. जाहिराती, हमीपत्रे, लिलावाच्या सूचीतली लांबलचक वर्णने, कंपन्यांच्या संग्रहातून दिले जाणारे दाखले, आणि न्यायालयांचे निकाल. मी घड्याळांपेक्षा या मजकुराचा वाचक अधिक आहे. जुनी घड्याळे थोडीफार हाताळली आहेत, तीही बेताच्या किमतीची.

तर प्रश्न नेहमी असा मांडला जातो : कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे की वापरलेले घ्यावे? आणि उत्तर ठरलेले असते. अधिकृत दुकान महाग पण निर्धास्त, जुने स्वस्त पण जोखमीचे. हे उत्तर फ्रिजच्या किंवा मोटारीच्या बाबतीत चालून जाते. घड्याळाच्या बाबतीत त्याचे दोन्ही अर्धे भाग लंगडे आहेत.

अधिकृत विक्रेता काय देतो ते आधी नीट पाहू, कारण जे देतो ते क्षुल्लक नाही. त्याचा कंपनीशी करार असतो. घड्याळ नवे असते, कुणाच्या मनगटावर चढलेले नसते. सोबत क्रमांक आणि तारीख असलेले हमीपत्र असते. रोलेक्सने २०१५ पासून ही हमी पाच वर्षांची केली आहे. काही बिघडले तर कुणाच्या दारात उभे राहायचे हे ठरलेले असते. आपल्याकडे तर रीतसर बिल, त्यावरचा वस्तू-सेवा कर, आणि एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर दुकानदाराने जागीच गोळा करायचा एक टक्का कर, हे सगळे कागदोपत्री होते. ज्याला मुलीच्या लग्नात जावयाला एक चांगले घड्याळ द्यायचे आहे आणि त्यापलीकडे या भानगडीत पडायचे नाही, त्याने सरळ तिथेच जावे.

पण ज्या घड्याळांमुळे हा वाद पेटतो ती घड्याळे त्या दुकानात मिळतच नाहीत. रोलेक्सचे पोलादी डेटोना किंवा पाटेक फिलिपचे पोलादी नॉटिलस मागायला गेलात तर तुमचे नाव लिहून घेतात. ही रांग नव्हे, कारण रांगेत क्रमांक असतो. इथे कुणाला केव्हा द्यायचे हे दुकानदार ठरवतो, आणि ठरवताना तुम्ही याआधी त्याच्याकडून काय काय घेतले आहे याचाही विचार होतो, हे या व्यवहारातले उघड गुपित आहे. पूर्वी मुलगी पाहायला जात तसा इथे गिऱ्हाईक पाहण्याचा कार्यक्रम होतो. पोह्यांऐवजी कॉफी असते एवढेच. बाजारात गिऱ्हाईक माल पारखते ही आपली समजूत. इथे माल मखमलीवर निवांत पडलेला असतो आणि पारख गिऱ्हाइकाची होते.

या उलट्या व्यवहाराचे टोक २०२१ च्या डिसेंबरात दिसले. नॉटिलसचा तो प्रसिद्ध नमुना बंद करताना पाटेकने फिकट निळ्या डायलची १७० घड्याळे काढली. त्या डायलवर कंपनीच्या नावाखाली न्यू यॉर्कच्या टिफनी या विक्रेत्याचेही नाव होते. छापील किंमत साधारण ५२ हजार डॉलर. त्यातले पहिले घड्याळ धर्मादाय कामासाठी लिलावात काढले गेले, आणि ते ६५ लाख डॉलरला गेले, म्हणजे छापील किमतीच्या सव्वाशे पटीच्या आसपास. यंत्र तेच, पोलाद तेच. खरेदीदाराने पैसे मोजले ते दुकानदाराच्या नावाला. अधिकृतपणा हा घड्याळाविषयीचा दाखला न राहता घड्याळाचा एक सुटा भाग बनतो तो असा.

याच्या दुसऱ्या बाजूची गोष्ट कमी सांगितली जाते. दोनतीन कंपन्यांचे मोजके नमुने सोडले तर बाकीची बहुतेक महागडी घड्याळे दुकानाची पायरी उतरताच स्वस्त होतात, आणि चांगलीच स्वस्त होतात. आपल्याला हे समजायला सराफाचे दुकान पुरे. जुना दागिना मोडायला नेला की सराफ घट धरतो आणि घडणावळ बुडते. उरते ते सोन्याचे वजन आणि कस. पोलादी घड्याळात सोने नाहीच. ते सगळेच घडणावळ आहे. म्हणून ते मोडीत काढता येत नाही. त्याला फक्त पुढचा माणूस शोधावा लागतो, आणि त्या माणसाला काहीतरी सांगून पटवावे लागते. सोन्याला कसोटीचा दगड आहे. घड्याळाला तसा दगड नसल्यामुळे मजकूर लागतो.

दोन दारांच्या मध्ये एक तिसरे दारही आहे. घड्याळ नवे, अस्सल, कंपनीनेच बनवलेले. पण विकणारा अधिकृत नाही. एका देशातल्या अधिकृत वितरकाने मागल्या दाराने सोडलेला माल दुसऱ्या देशात स्वस्तात विकला जातो. अस्सल आणि अधिकृत हे शब्द एकमेकांपासून सुटे आहेत याचा याहून चांगला पुरावा नाही, आणि कंपन्यांना तो सर्वांत जास्त खुपतो. ओमेगा आणि अमेरिकेतली कॉस्टको ही घाऊक दुकानांची साखळी यांच्यातला खटला म्हणूनच वाचण्यासारखा आहे. ओमेगाची सीमास्टर घड्याळे परदेशातून फिरत फिरत कॉस्टकोकडे आली. कंपनीची सुचवलेली किंमत १९९५ डॉलर, कॉस्टको १२९९ ला विकत होती. माल नकली नव्हता, चोरीचा नव्हता. मग अडवायचे कशाच्या आधारे? ओमेगाने घड्याळाच्या पाठीवर पृथ्वीगोलाची एक अगदी बारीक आकृती कोरून ठेवली होती आणि त्या आकृतीचा कॉपीराइट नोंदवला होता. दावा असा की ही आकृती आमची कलाकृती आहे, आणि तिची प्रत आमच्या परवानगीशिवाय अमेरिकेत आणता येणार नाही.

लेखकाचे हक्क सांभाळण्यासाठी केलेला कायदा घड्याळाच्या पाठीवर, मनगटाला चिकटून राहणाऱ्या बाजूला, जिथे ती आकृती कुणी पाहतही नाही अशा जागी वापरला गेला. २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चार विरुद्ध चार असे विभागले गेले, त्यामुळे खालचा ओमेगाच्या बाजूचा निकाल कायम राहिला, पण कुठलाही दंडक पडला नाही. ही कोंडी फोडली ती एका पुस्तकांच्या खटल्याने. थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेला सुपाप कीर्तसेंग हा विद्यार्थी आपल्या माणसांकरवी थायलंडमधून तिथल्या स्वस्त आवृत्तीची पाठ्यपुस्तके मागवून अमेरिकेत विकत असे. जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने त्याला कोर्टात खेचले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की प्रत कायदेशीरपणे छापलेली असेल आणि एकदा विकली गेली असेल, तर ती कुठे छापली याला महत्त्व नाही. ती पुढे विकण्याचा हक्क मालकाचा. त्याच तत्त्वावर २०१५ मध्ये कॉस्टको सुटली.

पदपथावर जुनी पुस्तके घेत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्या वाचकांना हा निकाल स्वाभाविक वाटेल. पुस्तक एकदा घेतले की ते माझे. मी ते वाचीन, देईन, रद्दीत घालीन. प्रकाशकाला त्यात बोलण्याचा अधिकार नाही. महागड्या वस्तूंच्या व्यापाराला हीच साधी गोष्ट मान्य करणे जड जाते. विकल्यानंतरही वस्तूवर आपली सावली राहावी अशी त्याची इच्छा असते. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२३ च्या डिसेंबरात रोलेक्सच्या तिथल्या कंपनीला ९ कोटी १६ लाख युरोंचा दंड केला, तो आपल्याच अधिकृत विक्रेत्यांना ऑनलाइन विक्री करण्यास मनाई केल्याबद्दल. नकली माल आणि अनधिकृत व्यापार रोखण्यासाठी ही बंदी हवी, असे कंपनीचे म्हणणे होते. याच धोक्यांना तोंड देणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपन्या काही अटींवर ऑनलाइन विक्री करू देतात, असे उत्तर प्राधिकरणाने दिले.

आपल्याकडे २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सॅमसंगच्या प्रिंटरच्या प्रकरणात याच दिशेचा निकाल दिला. परदेशात रीतसर विकलेला अस्सल माल इथे आणून विकणे हे बोधचिन्हाचे उल्लंघन नव्हे. मात्र हा माल बाहेरून आणलेला आहे आणि याची हमी कंपनी देत नाही, हे दुकानात स्पष्ट लिहिले पाहिजे. मला हा निकाल आवडतो, कारण त्यात अस्सल आणि अधिकृत यांची गल्लत नाही. वापरलेल्या मालाची गोष्ट वेगळी. तो व्यापारासाठी परवान्याशिवाय आयात करता येत नाही. म्हणजे इथे विकायला आलेले जुने परदेशी घड्याळ एकतर आधीच या देशात होते, किंवा कुणीतरी मनगटावर घालून विमानतळाबाहेर आणले. म्हणून मुंबई-पुण्यात जुने घड्याळ घेणाऱ्याने पहिला प्रश्न घड्याळ खरे की खोटे हा विचारू नये. ते देशात कसे आले हे विचारावे. पेटी आणि हमीपत्र दाखवून विक्रेता या प्रश्नाला बगल देतो. रिकाम्या पेट्या आणि जुनी हमीपत्रे स्वतंत्रपणे विकली जातात, हे त्याला गिऱ्हाइकापेक्षा चांगले ठाऊक असते.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळे कंपन्यांच्या विक्रीच्या धोरणाविषयी झाले. पण अस्सल काय ते तरी अखेर कंपनीच सांगू शकते ना? तिच्याकडे जुन्या नोंदवह्या आहेत, कुठल्या क्रमांकाचे यंत्र कुठल्या वर्षी कुठे पाठवले याचा हिशेब आहे. या युक्तिवादाचे काय झाले ते पाहायला पुन्हा ओमेगाकडेच जावे लागते.

२०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हामध्ये फिलिप्स या लिलावसंस्थेने ओमेगाचे १९५७ सालचे एक स्पीडमास्टर विकायला काढले. पहिल्याच नमुन्याचे, काळाची डायल उन्हाने आणि काळाने तपकिरी झालेले. अपेक्षित किंमत ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँक. ते गेले ३१ लाखांहून अधिक फ्रँकला. घेणारी होती खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये झुरिकच्या एका वृत्तपत्राने उघड केले की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले होते. कंपनीने ते मान्य केले. आणि कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे या कटात तिचे तीन माजी कर्मचारी होते, त्यांत संग्रहालय आणि वारसा विभागाचा प्रमुखही होता.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी 'वापरलेल्या घड्याळांपासून सावध' अशा मथळ्याखाली सांगितले गेले. मला त्यातून नेमके उलटे दिसते. फसवणूक दप्तराबाहेर झाली नाही, दप्तरातच झाली. ज्याच्या हातात नोंदवह्या, त्याच्याच हातात खोट्याला खरे ठरवण्याची सोय. ज्यांना मराठी इतिहाससंशोधनाचा थोडा परिचय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. बनावट सनदा करणाऱ्याला दप्तराची रीत सर्वांत चांगली माहीत असावी लागते. शिक्का, मायना, कालगणना यांत तो चुकत नाही. पोथीत प्रक्षिप्त ओवी घालणारा बहुधा संप्रदायातलाच असतो, कारण बाहेरच्याला ती भाषा साधत नाही. अशा जुळवलेल्या घड्याळात प्रत्येक सुटा भाग अस्सल असू शकतो आणि तरीही घड्याळ खोटे असते. ही गोष्ट कुठल्याही यादीत सापडत नाही. ती पाहणाऱ्याच्या नजरेला, भाग एकमेकांच्या शेजारी बसून सारखे जुने झाले आहेत का हे विचारणाऱ्या नजरेला, सापडते. त्या दिवशी सभागृहात बसलेल्या सर्वांत अधिकृत खरेदीदाराने ते पाहिले नाही.

अधिकृत हात अस्सलाचे काय करतो याचा एक घरगुती नमुनाही माझ्यासमोर आहे. माझ्या मामांकडे साठच्या दशकातले एक स्विस घड्याळ होते. रुपेरी डायल कडेने चहासारखी झालेली, काट्यांवरचा चमकणारा मुलामा गळालेला. काही वर्षांपूर्वी ते मागे पडू लागले म्हणून त्यांनी ते एका अधिकृत दुरुस्ती केंद्रात दिले. दीड महिन्याने घड्याळ परत आले ते नवीकोरी डायल, नवे काटे आणि घासूनपुसून धार गेलेली केस घेऊन. बिलात प्रत्येक भागाची नोंद होती, भाग कंपनीचेच होते, काम चोख होते. जुनी डायल परत मिळाली नाही. बदललेले भाग कंपनीकडे जातात असा नियम सांगण्यात आला. मामा खूश होते, आणि त्यांना खूश होण्याचा पूर्ण हक्क होता. मला मात्र ते घड्याळ ओळखू येईना. पासष्ट साली त्यांनी बघितलेली वेळ ज्या डायलवर होती ती आता कुठल्याशा परदेशी भंगारात होती. या घड्याळाला आज कुणीही अधिकृत दाखला देईल. माझ्या लेखी ते मामांच्या घड्याळाची खरी नक्कल आहे.

कायद्यालाही हा पेच सुटलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत, एकाच महिन्यात, दोन निकाल आले. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने ठरवले की जुन्या रोलेक्समध्ये बाहेरचे भाग बसवून ती रोलेक्स म्हणून विकणारा व्यापारी बोधचिन्हाचे उल्लंघन करतो. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कंपनीच्याच मायभूमीत, म्हटले की स्वतःच्या मालकीच्या घड्याळात मालकाने स्वतःसाठी कारागिराकडून बदल करून घेतले तर कंपनी त्याला अडवू शकत नाही. दोन्ही निकाल मला योग्य वाटतात. विकणाऱ्याने काय बदलले ते लपवू नये, आणि मालकाला आपल्या वस्तूचे मालक राहू द्यावे.

जुन्या मालाच्या बाजाराचे मी गोडवे गातो आहे असा समज होऊ नये. मुंबई या बाबतीत जगभरच्या संग्राहकांत बदनाम आहे, आणि ती बदनामी कमावलेली आहे. एचएमटी, जुनी फाव्र-ल्यूबा (आपल्याकडे बहुतेक जण 'फेवरलुबा' म्हणत), जपानी सिको अशा घड्याळांच्या डायली नव्याने रंगवून, कधी न निघालेल्या लाल-हिरव्या रंगांत, इथून परदेशी पाठवल्या गेल्या. एचएमटीचा बंगळुरूचा कारखाना १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने सुरू झाला आणि २०१६ मध्ये घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. त्यानंतर तर 'जुनी, न वापरलेली' एचएमटी अचानक इतकी निघू लागली, की कारखाना बंद पडल्यावर जास्त जोरात चालला असावा असे वाटावे. यातली मौज अशी की रंगवणाऱ्याच्या मनात फसवणूक बहुधा नसते. आपल्या घड्याळजीच्या दृष्टीने डायल रंगवणे म्हणजे भिंतीला रंग देणे; गिऱ्हाइकाला नवे दिसणारे घड्याळ हवे असते. फसवणूक होते ती मधल्या माणसाच्या वर्णनात, जेव्हा तो 'रंगवलेली' ऐवजी 'दुर्मिळ' लिहितो.

तरी या शहराला वेगळाही इतिहास आहे. फाव्र-ल्यूबा १८६५ पासून हिंदुस्थानात व्यापार करत होती आणि आपल्या घड्याळांबरोबर दुसऱ्या स्विस कंपन्यांची घड्याळेही विकत होती. वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. त्या काळात विक्रेत्याचे नाव हीच खात्री होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, आणि पुढची तीसचाळीस वर्षे 'फॉरेनचं घड्याळ' येई ते आखातातून आलेल्या नातलगाच्या बॅगेतून किंवा मुसाफिरखान्याच्या, मनीष मार्केटच्या गाळ्यांतून. बिल नाही, हमी नाही. दोन पिढ्यांनी कुठल्याही अधिकृत दुकानाशिवाय घड्याळे घेतली, आणि त्यांतली पुष्कळशी अजून चालतात. कारण घेणाऱ्याला घड्याळ पारखता येत नसले तरी माणूस पारखता येत होता. आणणारा कुणाचा कोण, उद्या तो सापडेल का, एवढे त्याला कळत होते. जुन्या घड्याळांचे जाणकार आजही घड्याळाआधी विकणारा पाहायला सांगतात.

जाहिरातींनी या सगळ्यावर कशी साखर पेरली आहे हे पाहण्यासारखे आहे. पाटेक फिलिपच्या १९९६ पासूनच्या जाहिरातमालिकेचा आशय सर्वांना माहीत आहे : हे घड्याळ खरे तर तुमचे नसतेच, तुम्ही ते पुढच्या पिढीसाठी सांभाळता. शेजारी बाप आणि मुलगा. जाहिरात म्हणून ती अप्रतिम आहे. पण ती नीट वाचा. मुलाच्या हातात जाणारे घड्याळ वापरलेलेच असणार. म्हणजे वापरलेले घड्याळ घेण्यात कमीपणा नाही, उलट शान आहे. अट एवढीच की देणारा सख्खा असावा आणि पहिला खरेदीदार दुकानात आलेला असावा. रक्ताच्या नात्यातून आले तर वारसा, बाजारातून आले तर सेकंडहँड. आपल्या घरांतल्या पैठणीला आणि पाटल्यांना हाच न्याय लागू आहे, म्हणून ती जाहिरात आपल्याला इतकी पटते.

पॉल न्यूमन या नटाचे डेटोना या अटीत बसत नाही. त्या विशिष्ट डायलची घड्याळे साठच्या दशकात अधिकृत दुकानांत पडून राहत, कुणी घेत नसे. बायकोने पाठीवर 'गाडी जपून चालव' अशा अर्थाचे शब्द कोरून ते त्याला दिले. त्याने ते १९८४ मध्ये मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकले. २०१७ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ७७ लाख डॉलरवर किंमत आली. तिथे मोल होते ते घड्याळ वापरले गेल्याचे, कुणाच्या काळजीचे आणि कुणाच्या बेफिकिरीचेही.

कंपन्यांच्या हे लक्षात आले नसते तरच नवल. डिसेंबर २०२२ मध्ये रोलेक्सने वापरलेल्या घड्याळांना स्वतः प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला अट अशी होती की घड्याळ किमान तीन वर्षांचे हवे. कंपनी ते तपासणार, दोन वर्षांची नवी हमी देणार, आणि ते विकणार अधिकृत विक्रेता. पहिला विक्रेता होता ल्युसर्नचा बुखरर, १९२४ पासूनचा रोलेक्सचा सहकारी; ऑगस्ट २०२३ मध्ये रोलेक्सने तो विकत घेत असल्याचे जाहीर केले. म्हणजे नवे दार आणि जुने दार आता एकाच मालकाच्या घरात उघडतात. आपल्याकडेही अधिकृत विक्रीत मोठे असलेले व्यापारी वापरलेल्या घड्याळांची वेगळी दालने चालवू लागले आहेत. 'वापरलेले' या शब्दाची लाज गेली, हे चांगलेच झाले. पण प्रमाणपत्र असलेले जुने घड्याळ त्याच जातीच्या प्रमाणपत्र नसलेल्या घड्याळापेक्षा महाग विकले जाते, आणि तो फरक कशाचा हे विचारले पाहिजे. घड्याळ तेच असते. खरेदीदार पैसे देतो ते स्वतः न वाचण्याच्या सवलतीचे. ज्याला वेळ नाही किंवा आवड नाही त्याने ती सवलत जरूर घ्यावी, मात्र तिला अस्सलपणा म्हणू नये.

मी स्वतः जुने घड्याळ पाहायला जातो तेव्हा पहिली विनंती पाठ उघडण्याची करतो. जो विक्रेता तोंडातून शब्द निघताच हत्यार हातात घेतो त्याच्याकडे थोडा अधिक वेळ बसतो. जो पेटी पुढे सरकवतो त्याच्याकडे कमी. झाकणाच्या आतल्या बाजूला, कंपनीच्या शिक्क्याभोवतीच्या मोकळ्या धातूवर, भिंगातून पाहिले तर सुईने ओरखडलेली बारीक अक्षरे दिसतात. घड्याळ साफ करणाऱ्या प्रत्येक कारागिराने आपल्यापुरती केलेली ती नोंद असते : एक महिना, एक साल, एखादे आद्याक्षर, कधी गिऱ्हाइकाच्या पावतीचा क्रमांक. साधारण दर चारपाच वर्षांनी एक. हात बदललेला कळतो, गाव बदललेले कळते, मध्ये पंधरा वर्षे काहीच नसेल तर घड्याळ कुठल्याशा कपाटात पडून होते हेही कळते. या नोंदी ज्यांनी केल्या त्यांतल्या कुणाचाही कंपनीशी करार नव्हता.